आमच्या घरातली हेल्मेटसक्ती

कोल्हापुरात हेल्मेटसक्ती होणार अशी नुसती कुणकुण लागली तरी चौकाचौकात माणसं गोळा होतात. डोकं आमचं, फुटलं तर आमचं फुटेल, सरकारच्या बापाचं काय जातंय, असा एकूण सूर असतो. आमचे हे त्यातलेच. यांचं हेल्मेट बुलेटच्या आरशाला अडकवलेलं असतं आणि त्यात बहुधा कोथिंबिरीची जुडी असते. अशा गावात, अशा माणसाच्या घरात, दिवसरात्र हेल्मेट घालणारी एकच व्यक्ती होती आणि तिला अजून नीट बसताही येत नव्हतं. ती माझी लेक.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवते. राहायला कसबा बावड्यात, नव्या इमारतीत, मागच्या गॅलरीतून अजून थोडा ऊस दिसतो. सासर बिद्रीकडच्या एका गावात. मला आई नाही, म्हणून बाळंतपण करायला सासूबाईच बावड्याला आल्या आणि त्यांच्या मागोमाग, एकट्याला भाकरी थापता येत नाही म्हणून, सासरेही आले. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे. आत्यांनी माझं केलं ते आईनं केलं असतं तितकंच केलं, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल फारसं चांगलं बोलणार नाही.

डोक्याची गोष्ट पहिल्यांदा माझ्याच लक्षात आली. आत्या लेकीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या आणि मी पंचा धरून वर उभी होते. मुलांना माणसाचं डोकं काढायला शिकवताना मी आधी अंडं काढायला लावते, त्यामुळे डोक्याचं अंडं बिघडलेलं मला लगेच कळतं. लेकीचं डोकं मागून उजवीकडे चपटं होतं. उजवा कान डाव्यापेक्षा पुढे सरकलेला होता आणि कपाळही त्याच बाजूनं पुढे आलेलं होतं. मी आत्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाळाचं डोस्कं असतंयच की तसलं. तू वरनं बघू नगंस."

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पाळण्याच्या उजव्या हाताला टीव्ही होता आणि टीव्हीवर दुपारपासून मालिका लागायच्या. लेक पडल्या पडल्या मान तिकडे वळवून बघत राहायची. मालिकेतल्या सासवांची रंगवलेली तोंडं बघता बघता माझ्या पोरीचं डोकं चपटं झालं. बालरोगतज्ज्ञ बाईंनी मान चाचपून सांगितलं की मानेचा स्नायूही एका बाजूनं आखडलाय. मानेचे व्यायाम दिले, जागेपणी पालथं घालायला सांगितलं, पाळणा फिरवून ठेवा म्हणाल्या. ते सगळं मी इमानानं केलं. घरातल्यांनी मी समोर असेपर्यंत केलं.

मधल्या काळात बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यात सगळ्यांत वरचा मान कबनूरच्या मावशींचा. या आत्यांच्या धाकट्या बहीण. घरात माग आहेत आणि मागांच्या खडखडाटात बोलायची सवय झाल्यामुळे त्या कानात कुजबुजल्या तरी खालच्या मजल्यावर ऐकू जातं. त्यांनी लेकीला उलटंपालटं करून पाहिलं आणि निकाल दिला.

"मोहरीची उशी दे. आन् गरम तेलाचा हात दोन्हीकडनं दाब. गोल हुतंय आपोआप."

मग माझ्याकडे वळल्या. "ग्रहणात काय चिरलंतंस का?"

मी म्हटलं, "कांदा."

"बघ! म्हनूनच!"

मी थट्टेनं बोलले होते. संध्याकाळपर्यंत तो कांदा सगळ्या पाहुण्यारावळ्यांत पोचला. माझ्या पोरीच्या डोक्याला मालिका जबाबदार नाहीत, आखडलेली मान जबाबदार नाही, मी चिरलेला कांदा जबाबदार आहे, हे ठरून गेलं.

निघताना मावशी मला समजावायला म्हणून थांबल्या. "एवढं काय त्यात? पोरगी हाय. केसं वाढली की झाकतंय."

"आणि पोरगा असता तर?"

"तर टोपी हाय की!"

सगळे हसले. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी जरा मागे ओढली. मामांच्या डोक्यावर टोपी सकाळी चहाच्या आधी चढते. रात्री टोपीच्या जागी मफलर येतो, उन्हाळा असला तरी. यांना एकदा विचारलं होतं, मामांना टक्कल आहे का, तर म्हणाले, माहीत नाही, मी कधी बघितलं नाही. स्वतःच्या बापाचं डोकं ज्यानं बघितलं नाही तो माझ्या पोरीचं काय बघणार!

व्यायामांनी थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, बहुतेक मुलांचं एवढ्यावर भागतं, हिचं भागेल असं वाटत नाही. आता हाड मऊ आहे, डोकं भराभर वाढतंय, तोवर हेल्मेटचा उपयोग होईल. वर्षाची झाल्यावर आलात तर मी काही करू शकणार नाही. हे वाक्य मी घरी येऊन सगळ्यांना दोनदा ऐकवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि टीव्ही लावला.

हेल्मेट करणारा तरुण पुण्याहून महिन्यातून दोनदा येतो आणि राजारामपुरीत एका खोलीत बसतो. त्यानं लेकीच्या डोक्यावर पातळ मोज्यासारखी टोपी ओढली आणि हातातलं यंत्र भोवतीनं फिरवून माप घेतलं. आत्या मला म्हणाल्या, "दरोडा घालाय निघाल्यागत दिसतीया पोरगी." त्या तरुणानं फार शांतपणे समजावलं. हे हेल्मेट डोकं दाबत नाही. डोकं जिथं पुढे आलंय तिथं ते टेकतं आणि जिथं चपटं आहे तिथं मुद्दाम पोकळ जागा सोडलेली असते. वाढणारं डोकं त्या जागेत जातं. आंघोळीपुरतं काढायचं, एरवी दिवसरात्र घालायचं. हे तो सांगत होता तेव्हा आमचे हे मोबाइलमध्ये होते आणि आत्या मोज्यावर रुसल्या होत्या.

हेल्मेट आलं. फिकट पिवळं, त्यावर फुलपाखरं. मग बावडा सुटला की! लिफ्टमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "काय वैनी, आयपीएलला पाठवताय काय पोरीला?" दूधवाला म्हणाला, "साहेब आत्तापासनं बुलेटवर बसवत्यात व्हय?" एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळू विचारलं, मेंदूचं ऑपरेशन झालंय का, आणि नाही म्हटल्यावर त्यांची निराशा मला स्पष्ट दिसली. ज्यांनी जन्मात डोक्यावर हेल्मेट ठेवलं नाही त्या सगळ्यांना एकाएकी हेल्मेटमधलं कळायला लागलं होतं.

आत्यांनी यावर तोड काढली. झालर लावलेलं भलंमोठं टोपडं शिवलं आणि कुणी आलं की ते हेल्मेटवरून चढवायला सुरुवात केली. आधीच पोरीला आत घाम, वरून हे. मी म्हटलं, "आत्या, लपवायचं काय आहे यात?" त्या म्हणाल्या, "लोकं बगत्यात." आमच्याकडे हा एकच रोग आहे आणि त्यावर एकच औषध, झाकणं.

माझी रजा संपली आणि मी शाळेत जायला लागले. दिवसभर लेक आत्यांकडे. पुढच्या तपासणीला आम्ही मोठ्या अपेक्षेनं गेलो. तरुणानं माप घेतलं, पडद्यावर बघितलं, पुन्हा घेतलं. म्हणाला, "हवा तेवढा फरक नाही. हेल्मेट सारखं असतं ना?" मी म्हटलं, हो. आत्या म्हणाल्या, "एक घटका काढत न्हाय." आमचे हे म्हणाले, "मी म्हटलंच होतं." काय म्हटलं होतं ते त्यांनाच माहीत. महिनाभरात त्यांनी हेल्मेटबद्दल एक शब्द काढला असेल तर शपथ.

त्या दिवसांत मला हेल्मेटला खोबरेल तेलाचा वास यायचा. वाटलं, डोक्यालाच लावलेलं असेल. मग एका दुपारी शाळा लवकर सुटली आणि मी न कळवता घरी आले. लेक हेल्मेट घालून झोपली होती. मानेवर घाम दिसला म्हणून मी ते अलगद काढलं आणि आतून एक लहानशी गादी माझ्या हातात पडली.

जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, आत पिंजलेला कापूस, वर तेलाचा हात. आकार आंब्याच्या फोडीसारखा, बरोबर त्या पोकळीत बसणारा. कडेनं इतके बारीक, सारखे टाके की माझ्या वर्गात कुणी असलं काम करून दिलं असतं तर मी शाळाभर मिरवलं असतं. आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"आत्या, हे काय आहे?"

"गादी."

"कशाला?"

"त्यानं पोकळ ठेवलंय की! माप चुकलंय त्याचं. पोरीचं डोस्कं आत हिंदकळतंय. म्हनून भरलं."

"आणि मी यायच्या आधी काढून ठेवत होतात?"

"मग? तू आरडतीस न्हवं."

आत्यांच्या आयुष्यात पोकळी ही भरायचीच गोष्ट. सवाष्णीची ओटी भरायची, बाळाची टाळू तेलानं भरायची, पाहुणा निघाला की त्याची पिशवी भरायची. रिकामी जागा कुणी मुद्दाम ठेवेल हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. हे मला आज कळतं. त्या दुपारी मला फक्त एवढं कळत होतं की हाड पक्कं व्हायला थोडे महिने उरलेत आणि त्यातले इतके दिवस या गादीनं खाल्ले. माझ्या पोरीच्या डोक्याला जिथं जायचं होतं ती एकच जागा या बाईनं सुईदोरा घेऊन बंद केली होती.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बावड्यातल्या त्या इमारतीत विचारा, पाठ असलेले लोक भेटतील.

आत्या रडल्या नाहीत. पिशवी भरायला बसल्या. "आता मी न्हाय हात लावायची तुझ्या पोरीला. तूच बघ आन् तुझा तो पुण्याचा बघील." पाळणाघरात विचारलं, तर तिथल्या बाईंनी हेल्मेट बघूनच हात जोडले. म्हणजे आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. मी नोकरी सोडायची किंवा लेकीनं हेल्मेट सोडायचं. संध्याकाळी हे आले, मधोमध बसले आणि म्हणाले, "दोघींचंही बरोबर आहे." मग जरा थांबून, मोठा शोध लागल्यासारखं, "सोडून देऊ या ना आता. मुलगी आहे, केस वाढतील."

मावशींचं वाक्य यांच्या तोंडून ऐकलं आणि मला पहिल्यांदा खरंच रडू आलं. लोकांचं ठीक आहे, ते लोक आहेत. हा तिचा बाप होता. मामा उठले, टोपी सारखी केली आणि गॅलरीत जाऊन दुसऱ्याचा ऊस बघत उभे राहिले. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, या घरातल्या पुरुषांना नेमकं अशा वेळी ऊस बघायचा असतो.

पुढची तपासणी दोनच दिवसांनी होती, तिला सगळे आले. आत्यांना तिथून परस्पर गावाची गाडी पकडायची होती आणि त्याआधी, माप चुकलं होतं हे त्या पोराच्या तोंडून ऐकायचं होतं. मला वेळ उरलाय की नाही ते ऐकायचं होतं. मामा का आले ते कळलं नाही.

मी ती गादी टेबलावर टाकली आणि सगळं सांगितलं. तरुणानं ती उलटसुलट करून पाहिली, हसला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. म्हणाला, "आजी, ही जागा चुकून राहिलेली नाही. वेळ अजून आहे. फक्त यात काही घालू नका." आत्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात मामा म्हणाले, "पावणं, जरा माझं बी माप घ्या की."

आम्ही सगळे हसलो. मामांनी टोपी काढली, घडी घातली आणि गुडघ्यावर ठेवली. टक्कल नव्हतं. चांगले दाट पांढरे केस होते आणि त्या केसांखाली डोकं मागून उजवीकडे सपाट होतं. उजवा कान पुढे होता. लग्न होऊन आल्यापासून मी या माणसाच्या हातात चहाचा कप देत होते, दर वेळी तोंडाकडे बघून देत होते, आणि चित्रकला शिकवून पोट भरत होते. कान मला दिसला नव्हता. टोपी त्याच बाजूला तिरकी असायची.

तरुण ओशाळून म्हणाला, "आजोबा, आता हाड पक्कं झालंय. काही करता येणार नाही."

"ते ठावं हाय. औषध कुठं मागतोय? दिसतंय कसं ते तर बघू."

त्यानं यंत्र फिरवलं. पडद्यावर वरून दिसणारं मामांचं डोकं उमटलं आणि शेजारी लेकीचं पहिलं माप होतं. एक मोठं, एक लहान, दोन्ही एकाच बाजूला कललेली. आमच्या ह्यांचा हात नकळत स्वतःच्या डोक्याच्या मागे गेला आणि तिथं सगळं ठीक आहे हे चाचपून परत आला. तरुण म्हणाला की हे रक्तातून येतंच असं नाही, एका कुशीवर पडून राहिल्यानं होतं. मामा म्हणाले, "तसंच आसंल. आई बांधावर झोळी बांधून भांगलाय, तण काढाय जायची. कोन फिरवतंय कूस?"

मग पडद्याकडे बघतच म्हणाले, "शाळंत उघड्या डोक्यानं गेलतो सुरवातीला. मास्तरनंच नाव पाडलं. तवापास्नं टोपी." नाव काय पाडलं ते कुणी विचारलं नाही. "मी पोरगं हुतो, मला टोपी गावली. हिनं काय घालायचं, जलमभर?"

हे त्यांनी आत्यांना विचारलं होतं. आत्यांनी पंख्यावरची नजर काढली.

"मला तरी कुठं ठावं हुतं? मलाबी लग्नात फेटा बांधूनच दावलंतं तुमास्नी." आवाज चढलेला होता, पण त्यात राग नव्हता. "लगीन झाल्यावर बघितलं. मागल्या दारी जाऊन रडले मी. आजपतूर कुनाला सांगितलं न्हाय."

"मला ऐकू आलतं," मामा म्हणाले.

आत्यांनी टेबलावरची गादी उचलली आणि कमरेला खोचली. हेल्मेट घेतलं, लेकीच्या डोक्यावर चढवलं, पट्टा लावला आणि मागे पोकळ जागेवर बोट ठेवून तरुणाला विचारलं, "हितं काय बी नगं न्हवं?" तो म्हणाला, काही नको. गावाची गाडी त्या दिवशी तशीच गेली. आत्या आमच्याबरोबर बावड्याला आल्या आणि लेकीचं हेल्मेट पुढं त्यांनी ज्या कडकपणानं सांभाळलं तो पोलिसांनाही जमला नसता. झालरीचं टोपडं मात्र त्यांनी टाकलं नाही. आमच्याकडे काही टाकत नाहीत.

वाढदिवसाच्या सुमाराला गावी जावळ काढलं. माझ्या भावाच्या मांडीवर लेक बसली, न्हाव्यानं केस उतरवले आणि सगळ्या भावकीसमोर तिचं डोकं उघडं पडलं. अगदी अंडं म्हणता येणार नाही, उजवीकडे हात फिरवला तर अजून किंचित कळतं, पण माझ्या वर्गातल्या मुलांनी तसं डोकं काढलं तर मी त्याला बरोबरची खूण करीन. कबनूरच्या मावशी पुढे आल्या. त्यांनी तेल लावायच्या निमित्तानं डोकं चारी बाजूंनी चाचपलं आणि काही सापडेना तसं सगळ्या अंगणाला ऐकवलं,

"बघा, मी म्हटलंतं का न्हाय? उगं त्या पोरीला कोंडून घातलंतं. आपोआप हुतंय सगळं!"

बायका माना डोलवायला लागल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा खुर्चीतून उठले. भावकीतल्या कुणीही इतक्या वर्षांत ज्यांचं उघडं डोकं बघितलं नव्हतं त्या माणसानं भर अंगणात टोपी काढली, वळून मावशींकडे पाठ केली आणि खाली बसले.

"मेव्हने, ह्यावर बी फिरीव की हात. हे आपोआप झाल्यालं हाय."